मला फिरवून पाहिलं नाही

दोष मोठ्या सरांचा, आमच्या प्रकल्पप्रमुखांचा. हे आधीच सांगून टाकते, कारण चौकशीत ते कुणीही बोललं नाही.

मी दुर्बीण बोलतेय. डोळा लावून बघायची नव्हे. विश्व तान्हं असताना निघालेला उजेड आता थंड, क्षीण सूक्ष्मलहरी होऊन सगळ्या आकाशातून येतो. तो टिपायला मला बनवलं. जन्मताच विश्व क्षणार्धात अफाट फुगलं असेल, तर त्या उजेडात एक पुसटसा पीळ उरला असेल, असं एक मत आहे. तो पीळ शोधायचा, एवढंच माझं काम. आहे किंवा नाही.

‘नाही’ ऐकायची सरांना सवय नव्हती.

माझ्या तोंडावर प्लास्टिकची पातळ खिडकी आहे. ती बसवायच्या दिवशी फोटो काढणारे आले होते, म्हणून सरांनी तंत्रज्ञाच्या हातातला पाना घेतला आणि कडेचे बोल्ट स्वतः आवळले. एका बाजूला जरा जास्तच. ताणलेलं प्लास्टिक आरपार जाणाऱ्या लहरींना स्वतःच पीळ देतं. मला ते पहिल्या दिवसापासून टोचत होतं. पण माझं ऐकणार कोण?

मग मला उंच, कोरड्या डोंगरावर नेलं. माझी देखभाल सरांची मुलगी करायची. तिचा पीएचडीचा प्रबंध माझ्याच नोंदींवर उभा होता. बोटं बधिर होईपर्यंत ती माझ्यावरचा बर्फ झटकायची आणि मला ‘म्हातारे’ म्हणायची, मी नवी कोरी असूनही.

आमच्यात एक शिस्त होती. सगळ्या तपासण्या होईपर्यंत निकालाचा आकडा झाकलेला. माणूस आकडा बघतो आणि त्याच्या प्रेमात पडतो, म्हणून. शेवटची तपासणी मला माझ्याच अक्षाभोवती फिरवायची. पीळ आकाशातला असेल तर आकाशाशीच राहतो; माझ्यातला असेल तर माझ्याबरोबर फिरतो.

सरांनी आकडा त्याआधीच उघडला. पीळ होता. चांगला ठळक.

“बाबा, आधी फिरवून बघू या.”

“कामावर सर म्हणायचं.”

“बरं, सर. फिरवून बघू या.”

“पुन्हा सगळं जुळवावं लागेल. अख्खा हंगाम जाईल. तोवर दुसरे जाहीर करून मोकळे होतील. तुला बापापेक्षा जास्त कळतं?”

“या खिडकीतलं कळतं. ती एका बाजूला ओढलीय.”

“ती मी बसवलीय.”

“म्हणून तर म्हणतेय.”

“उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग,” तंत्रज्ञ पुटपुटला. बाकीचे प्राध्यापक खाली मान घालून चहा ढवळत राहिले. एवढे पिकलेले केस, पण कण्याच्या नावानं बोंब.

शोध जाहीर झाल्याची बातमी आली, तेव्हा सरांची मुलगी माझ्याजवळ होती. तिनं फोन बंद केला आणि माझ्या खिडकीवर हात ठेवला. त्यानंतर फार शांत दिवस गेले. तसली शांतता मी ओळखते. मला गार ठेवणारं आतलं द्रव हेलियम संपत आलं, की अशीच असते.

मग दुसऱ्या गटानं तेच आकाश पाहिलं. पीळ नव्हता. तेव्हा कुठे मला फिरवलं. पीळ माझ्याबरोबर फिरला, धन्यामागं कुत्रं फिरावं तसा.

चौकशी समिती माझ्यासमोरच बसली.

“खिडकीची जबाबदारी कुणाकडे होती?” अध्यक्षांनी विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तिच्याकडेही नाही. “देखभाल तिच्याकडे होती.”

तंत्रज्ञ खिशातला पाना चाचपत बसला.

“मी यांना सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“लेखी?”

लेखी नव्हतं. बापाला कोण लेखी देतं?

आता मी खोक्यात आहे. शेजारच्या दालनात माझ्याहून मोठी दुर्बीण उभी राहतेय. प्रमुख तेच. नव्या पोरांचे आवाज भिंतीतून येतात, “हो सर, हो सर.” पोरांनो, तिला फिरवून पाहिल्याशिवाय कुणाचं ऐकू नका. ज्याचे केस पिकलेत त्याचं तर मुळीच नाही.

विश्व तसं फुगलं होतं की नाही, मला अजून माहीत नाही. सरांचं पद शाबूत आहे. तिचा प्रबंध रद्द झाला, आणि ती पदवी न घेता निघून गेली.