दोन पानांचा किडा

"निंघनात! किडे निंघनात!" असा गलका उठला आणि गिरणाकाठच्या त्या गावातली अर्धी वस्ती एका परातीवर ओणवी झाली. परातीतल्या पाण्यात तेरा बारीक, पांढऱ्या, वाकड्या अळ्या तरंगत होत्या. त्या ज्यांच्या कानातून पडल्या म्हणे, ते नथ्थू आबा मान कलती करून धन्य चेहऱ्याने बसले होते. धुराने त्यांचे डोळे घळाघळा वाहत होते.

"बघा, माय-बहिणींनो!" धुरीवाले महाराज गरजले. "पंचवीस वर्षं ही जनावरं आबांचा मेंदू कुरतडत होती. सात पिढ्यांची विद्या आहे आमची! सुरी नाही, सुई नाही. फक्त धूर आणि मंत्र!"

पंचवीस वर्षं मेंदू खाऊनही ही जनावरं तिळाएवढीच कशी राहिली, हे कुणी विचारलं नाही.

महाराजांची मांडणी झकास होती. परातीत पाणी, पाण्यात मधोमध वीट, विटेवर रसरशीत निखारे. निखाऱ्यांवर तुपात मळलेली औषधाची गोळी टाकायची आणि वर भोक पाडलेलं मडकं उपडं घालायचं. भोकात पपईच्या देठाची नळी. नळीला कान लावला की मंत्र सुरू. मग मडकं उचललं की परातीत किडे. लबाडीला जागा नको म्हणून महाराज प्रत्येक वेळी पाणी बदलत आणि स्वच्छ परात चारचौघांना फिरवून दाखवत.

गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या प्रज्ञाने तोंड फिरवलं. किड्यांमुळे नव्हे. किडे तर तिचे सोयरे. ती गावच्या शाळेत शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी बांधावर पालथी पडून किड्यांचे फोटो काढायची. साधा मोबाइल आणि त्याला चिमट्याने लावायचं पाचोऱ्याहून आणलेलं छोटं भिंग, एवढाच तिचा संसार. शेणकिडा टिपायला ती शेणात कोपर टेकवायची, म्हणून गाव तिला 'किडेवाली मॅडम' म्हणायचं. तिला किळस आली ती त्या नळीची. सकाळपासून तीच एक नळी बावीस कानांना लागली होती. कुणाच्या कानात पू, कुणाच्या रक्त. महाराज ती आपल्या कफनीला पुसत आणि पुढच्याला देत. लोक ती प्रसादासारखी घेत होते. शी! ही माणसं घरी दुसऱ्याचा उष्टा पेला तोंडाला लावत नाहीत.

आणि पुढचा नंबर पुनमचा होता.

पुनम म्हणजे प्रज्ञाच्या भावाची सहा वर्षांची मुलगी. तिचा डावा कान वर्षभर वाहत होता. जवळ घेतलं की वास यायचा. पाचोऱ्याच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, आतलं हाड सडतंय, लगेच ऑपरेशन करा, नाहीतर ऐकणं जाईल आणि पुढे जिवावर बेतेल. पण महाराजांच्या धुऱ्या तीन, आणि धुरी फक्त अमावास्येला. दोन झाल्या होत्या. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली होती आणि आता गुरुवारची मिळाली होती. पोरीचा बाप जीवन सुरतेच्या कारखान्यात. तो फोनवर एवढंच म्हणे, "आई सांगेल तसं." आई म्हणजे त्याची आणि प्रज्ञाची आई, कलाबाई. तिने सकाळीच निकाल दिला होता.

"डाक्टर कान फाडी टाकी. महाराज नुसता धूर देस. आज तिसरी धुरी व्हई जाई, मंग गुरुवारनं काय काम शे?"

प्रज्ञाने भांडण केलं नाही. तिने पुढे होऊन आबांच्या परातीतले तीन किडे नखावर उचलले, काळ्या पर्सवर ठेवले आणि मोबाइलला भिंग लावलं. श्वास रोखून मोबाइल केसभर पुढे, केसभर मागे केला. चित्र एकदम स्पष्ट झालं.

अळी म्हटली की अंगावर वळ्या हव्यात, कुरतडायला तोंड हवं. इथे काहीच नव्हतं. एक गुळगुळीत पांढरा देठ होता आणि त्याच्या एका टोकाला एकमेकींना चिकटलेली दोन चिमुकली पानं. तिसऱ्या किड्याच्या डोक्यावर तर पिवळट टरफल अडकलेलं होतं. ते टरफल तिने ओळखलं. बांधावरच्या काटेरी भुईरिंगणीचं बी. त्या झुडपावर तिने कितीतरी दुपारी फोटो काढले होते.

"महाराज, या किड्याला पानं आहेत," ती मोठ्याने म्हणाली.

"यंत्राला विद्या दिसत नसते, मॅडम! भिंगातून पाप दिसतं, पुण्य दिसत नाही!" असं म्हणत महाराजांनी नवं पाणी ओतलं, परात फिरवून दाखवली, निखाऱ्यावर गोळी टाकली आणि मडकं उपडं घातलं. "आणा पोरीला!"

"मॅडम, मना कानमाईन निंघनात ना! मी काय खोटं बोलस?" नथ्थू आबा दुखावून म्हणाले.

कलाबाईने पुनमचं डोकं नळीकडे वाकवलं. प्रज्ञाने पोरीला ओढून कडेवर घेतलं.

"आबा, तुम्ही खोटं बोलत नाही. फक्त आता कुणी नळीला कान लावू नका. गोळी टाकलेली आहे, पाणी कोरं आहे. बघू या."

महाराजांनी मडक्याकडे हात टाकला. आबांनी तो धरला. "ऱ्हाऊ द्या, महाराज. देखू तर खरं."

मडक्यात तडतड झाली. नळीतून धूर मोकळ्या हवेत गेला. तडतड थांबल्यावर आबांनी फडक्याने मडकं उचललं. परातीत सतरा किडे तरंगत होते.

शेजारच्या कनीजबी पुढे आल्या. "ये किसके कान से गिरे, महाराज?"

"रिंगणीच्या बियांमधून," प्रज्ञा म्हणाली. "गोळीत बिया आहेत. निखाऱ्यावर टरफल फुटतं, आतला कोंब उडून पाण्यात पडतो. कान असो, नसो, कोंब पडतातच." तिने फोटो सगळ्यांपुढे धरला.

कलाबाईने मोबाइल हातात घेऊन बराच वेळ बघितलं. "हाई ते मोड आयेल मटकीसारखं शे," ती हळूच म्हणाली. रोज मटकी भिजवणाऱ्या बाईला आणखी समजावायची गरज नव्हती. तिने पदराने पुनमचा कान पुसला. पदरावर काजळी आली आणि पू आला.

महाराज मडकं, परात, सगळं टाकून पळाले.

गुरुवारी ऑपरेशन झालं. सडलेल्या हाडाबरोबर डॉक्टरांनी काजळीचा थर काढला. "जीव वाचला," ते म्हणाले, "ऐकणं वाचवायला दोन महिने आधी यायला हवं होतं." पुनमचा डावा कान गेला. दोन अमावास्यांनी नेला. याचा संताप प्रज्ञाला आजही आवरत नाही, आणि का आवरावा?

महिन्याभराने कळलं, महाराजांनी दोंडाईच्याच्या बाजारात बस्तान मांडलंय. कलाबाई त्या बाजारी एसटीने गेली. पिशवीत महाराजांचंच मडकं आणि कागदावर छापलेला तो फोटो होता. रांगेत एक बाई लेकरू घेऊन उभी होती.

"माय, कान दुखस तर दवाखानामा जाय," कलाबाई तिला म्हणाली. "आनि हाऊ किडा काढस ना, त्याले सांग, पहिले कोनाबी कान न लावता मडकाले धुरी दे. मी इचारं नही. मनी नातले आते एकच कानमा ऐकू येस."

विचारा. एवढंच करायचं असतं. जो विचारू देत नाही, त्याच्या हातात लेकराचा कान देऊ नका.