लेडीज पेशंट

“लेडीज पेशंट, आत या.”

शांतम्मा जागच्या हलल्या नाहीत. बाकावर त्या आणि त्यांची नात अक्षरा, एवढ्याच दोघी होत्या. तरी त्या समोरच्या भिंतीवरचं हाडांचं चित्र बघत बसल्या. अक्षरानं कोपरानं ढोसलं.

“अज्जी, तुलाच बोलवून राहिलेत.”

“माझं नाव शांतम्मा हाय. लेडीज म्हंजे त्या पर्सवाल्या. पिठाच्या हाताची बाई कुठं लेडीज असती का?”

शेवटी फिजिओथेरपीवाला सुदर्शन स्वतः बाहेर आला. तो धर्माबादचा, वयानं नातवासारखा आणि भलता चिवट. “चला आजी,” असं तो म्हणाला, तेव्हा कुठं स्वारी उठली. आत त्यानं नेहमीचा पिवळा स्पंजचा चेंडू त्यांच्या उजव्या हातात दिला. चेंडूवर हसरं तोंड काढलेलं होतं. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा.

“दात काढतोय मेला,” शांतम्मा चेंडूला म्हणाल्या.

मोरीत पाय घसरून त्यांचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण पंजा काही पूर्वीसारखा वळेना. आज त्यांनी न राहवून विचारलंच, “भाकर कवा थापू?”

सुदर्शननं चेंडू बाजूला ठेवला. “खरं सांगू आजी? थापायचं आता विसरा. दर थापेला मनगटाला हिसका बसतो. परत मोडलं तर पाण्याचा तांब्यासुद्धा उचलता येणार नाही.”

येताना रिक्षात त्या एक शब्द बोलल्या नाहीत. शांतम्मा बोलतात तेव्हा घरचे कंटाळतात, पण त्या गप्प बसल्या की घाबरतात.

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. तिथली शांतम्माची कडक भाकरी खाल्ली नाही असा माणूस त्या भागात शोधावाच लागेल. ज्वारीची, तीळ लावलेली, कागदासारखी पातळ; तव्यावर सावकाश वाळवून कडक केलेली. पुण्याला शिकणाऱ्या पोरांच्या पिशव्यांतून ती जाते, आणि महिनाभर टिकते म्हणतात. टिकू दिली तर. उदगीरहून सून म्हणून आल्या तेव्हापासून त्यांनी हाच उद्योग केला. नवरा अमृतराव गेल्यावर तर घर त्यावरच उभं राहिलं.

आणि सोमवारची पहिली भाकरी सिद्धलिंग स्वामींची. स्वामी म्हणजे जंगम, लिंगायतांचे गुरू. दर सोमवारी सकाळी घंटा वाजवत ते गल्लीत भिक्षेला येत आणि शांतम्मा तव्यावरची पहिली भाकरी त्यांच्या झोळीत घालत. आपल्या हातांनी राबायचं, हे कायक. आणि त्यातलं आधी दुसऱ्याला घालायचं, हा दासोह. एवढं त्यांना माहेरी शिकवलं होतं आणि त्याच्यापुढं त्यांना काही शिकावंसंही वाटलं नव्हतं.

हात मोडला त्यानंतरच्या सोमवारी घोटाळा झाला. मुलानं, राजशेखरनं, मुरुडच्या मशिनवाल्याकडून भाकरी आणून ठेवल्या होत्या. घंटा वाजली. सून मंजुश्रीनं चांगल्या मनानं त्यातलीच एक स्वामींच्या झोळीत घातली. प्लास्टर गळ्यात अडकवलेल्या शांतम्मा आतून अनवाणी धावत आल्या आणि भर गल्लीत म्हणाल्या, “सामी, ती भाकर परत द्या. ती माझ्या कायकाची न्हाई.”

झोळीत पडलेली भिक्षा परत मागायची! समोरच्या कोंडाबाईंनी तोंडाला पदर लावला. मंजुश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वामींनी मात्र शांतपणे भाकरी काढून दिली. “बरं माय. तुझ्या कायकाची झाली की दे,” एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून सोमवारी शांतम्मांच्या घराचं दार बंद असे. घंटा दारापाशी येई, जरा थांबे आणि पुढं जाई. आत शांतम्मा धड हात मांडीखाली दाबून बसत.

आज घरी आल्यावर राजशेखर समजावू लागला. भांड्यांच्या दुकानातला माणूस, आवाज मुळातच मोठा. “अव्वा, लई राबलीस. आता आराम कर. मशिनवाल्याला आपली गिऱ्हाइकं देऊन टाकतो. सामींचं म्हणशील तर मी दुकानात राबतो ते कायक न्हाई का?”

“हाय की. तुझं हाय. तुझ्या नावानं तू घाल,” शांतम्मा म्हणाल्या. त्यांनी तोंड फिरवलं. “मला काय, नुसतं बसून खायला ठेवलं का रे तुमी?”

अक्षरा कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकत होती. ती मघापासून मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. आजीच्या दुःखात पोरगी काय बघून राहिली म्हणून मंजुश्री ओरडणार, तोच ती म्हणाली, “अज्जी, लेडी म्हंजे पर्सवाली न्हाई.”

“मग?”

“इंग्रजी लई जुनी होती ना, हजारेक वर्षांमागं, तवा हा शब्द लांबलचक होता. स्पेलिंगबी हे एवढं. दोन शब्द जोडलेले. पहिला म्हंजे भाकर. त्यांचा पाव गं. आन दुसरा म्हंजे मळणारी. लोकांच्या तोंडात घासत घासत मधली अक्षरं गळाली, आन राहिलं लेडी. पीठ मळणारी बाई, ती लेडी.”

शांतम्मांनी नातीकडं संशयानं पाहिलं. “माझं मन राखायला सांगून राहिलीस.”

“आईशप्पथ. हे बग. आन लॉर्ड म्हंजे भाकरीची राखण करणारा.”

“म्हंजे ते मोठमोठे सायेब भाकरीला राखण बसायचे?” शांतम्मांना हसू आलं. “आमच्या राजशेखरसारखेच की. भाकर कुठं ठिवली, एवढंच इचारत फिरायचं.”

राजशेखरही हसला. मग शांतम्मा एकदम थांबल्या. “थापणारी न्हाई म्हनली का? मळणारी?”

“मळणारी.”

“इंग्रजांच्या बायांला एवढं कळत होतं,” त्या हळूच म्हणाल्या.

कारण खरी भाकरी मळण्यातच असते. ज्वारीचं पीठ काही आपोआप धरून राहत नाही. त्यात आधणाचं पाणी घालून तळहाताच्या टाचेनं ते रेटून रेटून मळावं लागतं, तेव्हा त्याला चिकटपणा येतो. मळण्यात कसर राहिली तर थापणारी कितीही सुगरण असो, भाकरी कडेनं चिरतेच. दुसऱ्या दिवशी अक्षरानं सुदर्शनला फोन करून विचारलं. मळायला हरकत नाही, उलट चेंडूपेक्षा बरं, फक्त हळूहळू, असं त्यानं सांगितलं.

सोमवारी पहाटे शांतम्मांनी काठवट पुढं ओढली. पहिल्या रेट्याला कळ खांद्यापर्यंत गेली. डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबल्या नाहीत. डाव्या हातानं उजव्या हाताला आधार देत त्यांनी उंडा मळला आणि सुनेपुढं ठेवला. “मंजू, थाप.”

“आत्याबाई, मला तुमच्यासारखी पातळ जमत न्हाई.”

“माझ्यासारखी कामून? तुझ्यासारखी थाप.”

मंजुश्रीची भाकरी जराशी जाड झाली आणि एका अंगाला कललीही. पण कड कुठंच चिरली नाही. शांतम्मांनी ती तव्यावर वाळेपर्यंत तिच्यावरची नजर हलवली नाही.

घंटा आली. दार उघडंच होतं. शांतम्मा भाकरी घेऊन उंबऱ्यावर गेल्या खऱ्या, पण झोळीत घालायला त्यांचा हात होईना.

“शरणार्थ सामी. घालू का नगं ते तुमीच सांगा. मळली मी. थापली हिनं. आता ही कोनाच्या कायकाची म्हनायची?”

मंजुश्री मागं उभी होती, कोपरापर्यंत पिठानं माखलेली. स्वामींनी दोघींकडं पाहिलं आणि झोळी जरा जास्तच उघडली.

“दोघी राबल्या, मग एकच कशी? दोन घाला.”

मंजुश्री दुसरी आणायला पळाली. समोर कोंडाबाईंनी पुन्हा पदर उचलला, पण या वेळी डोळे टिपायला.

त्याच दुपारी दवाखान्यात बाकावर बरीच गर्दी होती. तीन-चार बाया बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर झकास पर्स होती. सुदर्शननं आतूनच हाक दिली, “लेडीज पेशंट, आत या.”

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. त्यांचं ठरायच्या आत शांतम्मा उठून दारापर्यंत पोचल्या होत्या. त्यांच्या उजव्या हाताच्या नखांत सकाळचं पीठ वाळून बसलं होतं, आणि ते त्यांनी धुतलं नव्हतं.