पुंडलिकरावांच्या पोटातलं लेकरू

लोहाऱ्याच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. न विचारता नाव अन् दुखणं ओळखणारे बाबा आले होते ना! दारातल्या दोन खिडक्यांवर पास देताना पोरी हेच सारं विचारून कॉम्प्युटरात घालत, पण ते कोण ध्यानात ठेवतो?

बेबीताई तोंड वाकडं करूनच बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याच्या, पुंडलिकरावांच्या, हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं, अन् म्हातारा म्हणे, आधी बाबांचा कौल.

"पुंडलिक!" बाबा डोळे मिटून गरजले. "तुझ्या पोटात सहा महिन्यांचं लेकरू वाढून राह्यलं!"

एक चेला ओरडला, "लेकरू म्हणजे नवा जन्म! आता ऑपरेशन कायले?" टाळ्यांचा कडकडाट. पुंडलिकरावांचे डोळे भरून आले.

"सत्तरीतलं बाळंतपण मले जमणार नाई," बेबीताई म्हणाल्या. हसली ती एकटी नात. निकिता यवतमाळला कॉम्प्युटर शिकते. आजोबा पास काढत होते तेव्हा शेजारच्या खिडकीवर एक गरोदर पोरगी उभी होती, हे तिला आठवलं.

"आजी, तू या खिडकीवर जा, मी त्या. एकदमच सांगू."

आजीनं गुडघे सांगितले, नातीनं म्हैस.

"बेबी! तुझी म्हैस आटली!"

"म्हैस माह्या दारात नाई रे, तुह्या कानात हाये!" बेबीताईंनी बाबाच्या फेट्याखालून वाटाण्याएवढं यंत्र ओढून काढलं.

निकितानं सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं, "दोन्ही खिडक्यांचा मजकूर या यंत्रात धाडणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, एकच, अन् त्याची लिहायची जागाही एकच. एकाचं नाव वाचून होते, दुखणं वाचायच्या आधीच दुसरी खिडकी तिथंच आपलं लिहिते. माणसं एकेक आली तर बिनचूक. गर्दीत घोटाळा."

"ऐकलं न?" बेबीताईंनी नवऱ्याचा हात धरला. "चला. सकाळी दवाखान्यात जायचं हाये."

"मशीन चुकली असन," पुंडलिकरावांनी हात सोडवला. "बाबा नाई चुकत. मी सही देत नाई."

ऑपरेशनच्या कागदावर सही त्यांचीच लागणार होती. तिकडे बाबांनी यंत्र हिसकावून पुन्हा कानात खोचलं, रांग सरकली.

बेबीताई रांगेला आडव्या झाल्या. "अरे, तुमचंच दुखणं तुमाले ऐकवते, अन् तुमी पाया पडता! छातीतली नळी डॉक्टर उघडन, हा नाई. आधी तपासा, मग माना!"

"सरक व बाजूले, माय," कोणीतरी म्हणालं.

पुंडलिकराव त्याच रांगेत, हात जोडून उभे होते.