पत्ता सांभाळणारे कपाट

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी आईबाबांचा हात धरून वकिलांच्या ऑफिसात गेला असाल, तर तिथे भिंतीला पाठ लावून उभे असलेले माझ्यासारखे कपाट तुम्हाला दिसले असेल. त्याच्याकडे नीट बघितले मात्र नसेल. मी राखाडी रंगाचे, चार खणांचे, अंगावर तीन-चार पोचे असलेले एक जुने लोखंडी कपाट आहे. नाशिकच्या कोर्टापासून चालत पाच मिनिटांवर ॲडव्होकेट मंजुषा बागूल यांचे ऑफिस आहे. तिथे मी गेली अठरा वर्षे उभे आहे.

माझा जन्म सातपूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. हनीफ मिस्त्रींनी पत्रा कापला, वाकवला, जोडला. मंजुषाताई तेव्हा नुकत्याच वकिली करू लागल्या होत्या. त्या मला बघायला आल्या, तेव्हा मिस्त्रींनी विचारले, "मॅडम, कपडे ठेवायचे की कागद?"

"कागद. पण माझे नाहीत, लोकांचे."

मिस्त्रींनी माझ्या दाराला लावलेले कुलूप पुन्हा काढले. "मग हे नको," ते म्हणाले. "याच्याहून चांगलं बसवतो."

मला वाटते, माझे खरे आयुष्य त्या वाक्यापासून सुरू झाले.

माझ्या पोटात काय काय आले म्हणून सांगू! जन्माचे दाखले, हॉस्पिटलचे रिपोर्ट, दत्तक घेतलेल्या बाळांचे कागद, मृत्युपत्रे. ओझरच्या एका कामगाराचा एक्स-रे तर माझ्याकडे सहा वर्षे होता. ऑफिसचे कारकून झुंबरराव अहिरे रोज सकाळी मला उघडत आणि संध्याकाळी कुलूप लावून दोनदा हिसका देऊन बघत. ते मूळचे नामपूरचे. कुणी ओळखीचा माणूस चहा पिता पिता विचारी, "काय झुंबरराव, त्या पाटलांची केस कशाची हो?" की झुंबरराव कपात बघत म्हणत, "कोण पाटील?" मला तेव्हा फार अभिमान वाटे.

पुढे ऑफिस वाढले. मुस्तकीम पठाण नावाचे तरुण वकील ताईंचे भागीदार झाले. त्यांनी कॉम्प्युटर आणला, स्कॅनर आणला. कागद भराभर पडद्यावर दिसू लागले आणि मला उघडण्याची गरज कमी होत गेली. कुलूप लावायचे राहू लागले. किल्ली खिळ्याला लटकू लागली. कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणाला लक्षात राहीना, म्हणून तो चिठ्ठीवर लिहून चक्क माझ्याच दारावर चिकटवला गेला. येणारा-जाणारा प्रत्येक जण तो वाचत होता. माझ्या डोक्यावर बिघडलेल्या प्रिंटचे गठ्ठे साचत होते. कुणी मुद्दाम वाईट वागले नाही, मित्रांनो. सगळे कामात होते, एवढेच.

तेव्हा निकिता आमच्याकडे आली. मनमाडहून. तिचा नवरा तिला मारायचा. सात वर्षांच्या मुलीला, जुईला घेऊन ती नाशिकला निघून आली होती. जुन्या नाशकात रोशनबींच्या घरी तिने एक खोली घेतली होती आणि ती औषधांच्या दुकानात काम करत होती. नवरा तिला शोधत होता. "सापडलीस की बघतो," असा निरोप त्याने तिच्या भावाकडे ठेवला होता.

झुंबररावांनी तिचा अर्ज टाइप केला. सहा पाने. ताईंनी तो वाचला आणि पहिल्याच पानावर बोट ठेवले. "काका, इथे खोलीचा पत्ता नको. अर्जाची प्रत नवऱ्यालाही जाणार. आपल्या ऑफिसचा पत्ता घाला." झुंबररावांनी पुन्हा प्रिंट काढली. नवा अर्ज कोर्टात गेला. जुनी सहा पाने, खऱ्या पत्त्यासकट, माझ्या डोक्यावरच्या गठ्ठ्यात गेली.

मग दसरा आला. ऑफिसची सफाई झाली. गठ्ठे बांधून रद्दीवाल्याला दिले गेले. झुंबररावांनी मला ओल्या फडक्याने पुसले, कुंकू लावले, झेंडूची माळ घातली. मी किती दिवसांनी स्वच्छ झाले होते! त्या आनंदात मलाही काही कळले नाही.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर कोर्ट उघडल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी, दुपारी, झुंबरराव बाहेरून आले आणि दारातच उभे राहिले. त्यांच्या हातात शेंगदाण्याची पुडी होती. कोर्टाच्या फाटकाशी बंटीची गाडी असते, तिथून ते रोज पुडी घेत. ते पुढे आले, दाणे ताईंच्या टेबलावर ओतले आणि कागद सरळ करून समोर ठेवला.

तो निकिताच्या अर्जाचा तिसरा कागद होता. तिचे नाव होते, आणि घर का सोडले ते होते. अक्षर न् अक्षर झुंबररावांनी टाइप केलेले.

घाबरले की झुंबररावांच्या तोंडी गावची अहिराणी येई. "मनी चूक शे, मॅडम," ते म्हणाले. "रद्दी मीच दिली. पाहिलं नाय."

ताईंनी कागद दोनदा वाचला. त्यांचा चेहरा उतरला होता. "पत्ता पहिल्या पानावर होता ना?"

"हो."

"आणि तिचा नवरा तारखेला येतो तेव्हा त्याच फाटकाशी उभा असतो."

मुस्तकीम वकील म्हणाले, "मॅडम, मी आणि काका आत्ता जातो. बंटीकडे असेल, नाहीतर रद्दीच्या दुकानात असेल. सापडलं तर निकिताला सांगायची वेळच येणार नाही. उगाच घाबरेल ती."

"आणि नाही सापडलं तर?" ताई म्हणाल्या. "आपण शोधत बसलो तेवढा वेळ तिचा गेला. पत्ता तिचा आहे, मुस्तकीम. तो आपण हरवला, हे सगळ्यांत आधी तिला कळायला हवं."

त्यांनी फोन लावला. तो आवाज मी आजही विसरले नाही.

"निकिता, मंजुषाताई बोलते. आमच्या हातून चूक झाली आहे. तुझ्या पत्त्याचा कागद रद्दीत गेला. आता कुठे आहे, माहीत नाही."

पलीकडून निकिताने विचारले, "कुठला पत्ता, ताई? आत्ताचा?"

"आत्ताचा."

"तो कुणाला कळू देऊ नका, मी तुम्हाला म्हटलं होतं. पहिल्याच दिवशी म्हटलं होतं."

"म्हणाली होतीस. माझ्यावर नंतर हवं तेवढं रागाव. आता जुईच्या शाळेत जा. मी गाडी घेऊन तिथेच येते."

ताई गेल्या. पुढचे मी झुंबररावांच्या तोंडून ऐकले. ते आणि मुस्तकीम वकील बंटीच्या गाडीवर गेले आणि होते नव्हते तेवढे सगळे कागद मागू लागले.

"काका, मग पुड्या कशात बांधू?" बंटी म्हणाला.

झुंबररावांनी त्याला वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणून दिला. दुसरे आणि पाचवे पान गाडीवर मिळाले. चौथे आणि सहावे रद्दीच्या दुकानात, पोत्याच्या तळाशी. पहिले पान मिळाले नाही. ते आजही मिळालेले नाही.

त्याच संध्याकाळी निकिता आणि जुई दुसरीकडे राहायला गेल्या. कुठे, ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते सांगायचे नसते. ताईंनी रोशनबींनाही सांगितले नाही. घडलेले सगळे लिहून त्यांनी पोलिसांत अर्ज मात्र दिला, आणि त्यात "चूक आमच्या ऑफिसची" हे शब्द स्वतःच्या हाताने लिहिले.

आठवड्याने रोशनबींचा फोन आला. एक माणूस निकिताला विचारत दारात आला होता. रोशनबींनी त्याला सांगितले, "वो तो कबकी गयी. किधर गयी, मेरे को क्या मालूम?" आणि त्यांना खरेच माहीत नव्हते. त्याने आत डोकावून रिकामी खोली पाहिली, दाराला लाथ घातली आणि तो निघून गेला.

तो निकिताचा नवराच होता. त्या कागदावरून आला की आणखी कुठून त्याला कळले, हे आजवर कुणाला समजलेले नाही. पण तो आला तेव्हा ती तिथे नव्हती. फोन ठेवल्यावर ताई खुर्चीत बसल्या आणि डोळे मिटून राहिल्या.

झुंबररावांनी दुसऱ्या दिवशी काम सोडण्याची चिठ्ठी आणली. ताईंनी ती वाचलीही नाही. "काका, तो कागद तुम्ही चुरगळून टाकला असता तर आम्हाला कधी कळलंच नसतं. तुम्ही तो माझ्यासमोर आणून ठेवलात. तुम्ही गेलात तर मी कुणावर भरवसा ठेवू?" झुंबरराव रडले. माझ्या दाराला टेकूनच रडले.

पंधरा दिवसांनी निकिता आली. दुसरा वकील शोधेल असे सगळ्यांना वाटले होते. ती खुर्चीवर बसलीच नाही. "माझी फाईल कुठे ठेवता? मला बघायची आहे."

झुंबररावांनी मला दाखवले. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "हे कोण कोण उघडतं? किल्ली कुणाकडे असते? ही चिठ्ठी कसली?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत हे प्रश्न मला कुणी विचारले नव्हते. मुस्तकीम वकिलांनी मान खाली घालून पासवर्डची चिठ्ठी फाडली. निकिता म्हणाली, "ज्याचं काम नाही, त्याला माझे कागद दाखवू नका. आणि केस संपली की माझं मला परत द्या. एवढंच."

तिच्या त्या बोलण्याने आमचे ऑफिस बदलले. किल्ली खिळ्यावरून झुंबररावांच्या खिशात गेली. माझ्या शेजारी कागद कातरणारे एक यंत्र आले. बिघडलेली प्रत आता त्यात जाते आणि शेवयांसारखी बाहेर पडते. कॉम्प्युटरवर ज्याच्याकडे केसचे काम, त्यालाच ती फाईल उघडता येते. नवीन माणूस आला की ताई त्याला आधी समजावतात: तुमचा हा कागद आम्ही का घेतो, तो कोण वाचणार, किती दिवस ठेवणार. नको असलेला कागद त्या घेतच नाहीत. एका आजोबांनी सगळ्या घरादाराची आधारकार्डे पिशवीतून काढली, तेव्हा ताईंनी एक ठेवले आणि बाकीची परत पिशवीत घातली. आजोबांना वाटले, काम झाले नाही. त्यांना चहा पाजून समजवावे लागले.

दीड वर्षाने निकिताच्या बाजूने निकाल लागला. नवऱ्याला तिच्या जवळपास फिरकायला कोर्टाने मनाई केली आणि जुई तिच्याकडेच राहिली. तिचे मूळ कागद परत द्यायचे होते, म्हणून ती जुईला घेऊन आली. झुंबररावांनी माझ्या तिसऱ्या खणातून फाईल काढली आणि पोच लिहायला कागद पुढे केला. "पत्त्याची जागा कोरी ठेवली तरी चालेल, ताई," ते निकिताला म्हणाले.

निकिताने क्षणभर विचार केला आणि पेन जुईच्या हातात दिले. जुईने मोठ्या, वाकड्या अक्षरांत आपला पत्ता लिहिला, घर नंबरापासून पिनकोडापर्यंत. आणि मग सगळ्या ऑफिसाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवला.

माझ्या खणात तेवढी जागा रिकामी झाली. भरलेल्या खणांचा मला आनंद होतोच, पण त्या रिकाम्या जागेचा झाला तेवढा कधी झाला नव्हता. मला चांगले कुलूप लावणाऱ्या मिस्त्रींचा, चूक न लपवणाऱ्या झुंबररावांचा, पहिला फोन योग्य जागी लावणाऱ्या ताईंचा मी फार ऋणी आहे. आणि निकिताचा तर सगळ्यांत जास्त, कारण रागावण्याचा पूर्ण हक्क असताना ती आम्हाला शिकवायला परत आली.

तुमच्या हाती कधी झेरॉक्सच्या दुकानात विसरलेला, वहीत चुकून आलेला किंवा पुडीला गुंडाळलेला असा कागद आला, ज्यावर कुणाचे नाव-गाव, कुणाचा आजार, कुणाचे दुःख लिहिलेले असेल, तर तो मोठ्याने वाचू नका आणि मित्रांना दाखवू नका. ज्याचा असेल त्याला नेऊन द्या; तो माणूस सापडत नसेल, तर घरच्यांसमोर बारीक फाडून टाका. तुमच्या हातून चूक झालीच, तर ज्याचे नुकसान होणार आहे त्याला आधी सांगा. आपला पत्ता कुणाला सांगायचा आणि कधी सांगायचा, हे ज्याचे त्याला ठरवू द्या.