गुणाजीच्या रंध्याची मूठ

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मी एक रंधा मोडला. चळवळीचं माझ्या हातून झालेलं दुसरं नुकसान आठवत नाही. फायदाही आठवत नाही.

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या समितीचा मी सेक्रेटरी होतो. बी.ए. असल्यामुळे ठराव मला लिहिता येत आणि विमा कंपनीत कारकून असल्यामुळे संध्याकाळी पाचनंतर वेळ असे. दसऱ्यानंतरच्या मोर्चासाठी शंभर फलक हवे होते. त्यांच्या काठ्या तासायला, आधीच्या मोर्चांप्रमाणेच, घोडपदेवहून गुणाजी परब यायचा. तो गिरणीच्या सुतारखात्यात होता. पाळी संपली की हत्यारांची पिशवी खांद्याला लावून येई, चाळीच्या चौकात बसून काठ्यांवर रंधा मारी आणि कपभर चहा पिऊन जाई. ‘महाराष्ट्र कामगारांच्या हातांनी घडणार आहे’ हे माझं सभेतलं ठरलेलं वाक्य होतं. त्यावरची टाळीही ठरलेली होती.

एका शुक्रवारी काठ्या अर्ध्या राहिल्या. गुणाजीने रंधा माझ्या खोलीत कोपऱ्यात ठेवला.

“उद्या दुसरी पाळी हाय. रविवारी येतो,” तो म्हणाला. “तवर कुणी हात लावू नका, सेक्रेटरीसाहेब. पातं धारेचं हाय.”

“छे, कोण लावतंय,” मी म्हणालो.

शनिवारी आमचे अध्यक्ष अच्युत प्रधान चहाला यायचे होते. अच्युत माझा शाळेपासूनचा मित्र. श्रमप्रतिष्ठेवरचं माझं भाषण ऐकून तो म्हणाला होता, “तुझ्या हातात टाक सोडून काही पाहिल्याचं आठवत नाही बुवा.” ते मला लागलं होतं. जिन्यात त्याच्या वहाणा वाजल्या तसा मी रंधा उचलला, एक काठी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि श्रम सुरू केले.

“अहो, त्यांनी सांगितलंय ना हात लावू नका म्हणून?” माझी बायको शकू म्हणाली.

“ते इतरांसाठी.”

काठीत गाठ होती. रंधा तिथे अडला. मी सगळं वजन टाकून ढकलला, तेव्हा तो गाठीवरून, काठीवरून आणि टेबलावरूनही गेला. फरशीवर आपटून त्याच्या लाकडी मुठीचे दोन तुकडे झाले.

“काय रे पडलं?” दारातून अच्युत.

“काही नाही. शकूचा खलबत्ता.”

शकूने माझ्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला गेली. त्या दिवशी चहात साखर नव्हती. अच्युतने बिचाऱ्याने तो तसाच घेतला.

संध्याकाळी मी रंधा पिशवीत लपवून फर्निचरवाल्या जगदीशशेठकडे नेला. जुनी मूठ तशी पाहण्यासारखी नव्हतीच. घामाने काळी पडलेली, वरच्या बाजूला बोटभर खोल खाच आणि खाली बेढब टेंगूळ.

“अशीच करू, की बरोबर करू?” जगदीशशेठनी विचारलं.

“बरोबर करा,” मी म्हणालो. “शिसवीची. वर पॉलिश.”

गुणाजीला मी निरोप धाडला की या रविवारी मीटिंग आहे, पुढच्या रविवारी या. मीटिंग नव्हती. जुन्या मुठीचे तुकडे जगदीशशेठनी कागदात बांधून परत दिले होते, ते मी स्वतः बंबात घातले आणि त्या पाण्याने आंघोळ केली.

मूठ सुंदर झाली. आता खरं सांगून रंधा परत करणं एवढंच उरलं होतं, आणि तेवढंच जमेना. पुढचा रविवार म्हणजे खंडेनवमीचा आदला दिवस. दुसऱ्या दिवशी घरोघर हत्यारं पुजली जाणार. तेव्हा मला एक युक्ती सुचली, जी फक्त सेक्रेटरीलाच सुचू शकते. मी ठराव लिहिला: ‘श्री. गुणाजी परब यांच्या निरपेक्ष सेवेबद्दल समिती त्यांचा सत्कार करीत आहे व त्यांच्या रंध्यास नवी मूठ भेट देत आहे.’ ठराव एकमताने मंजूर झाला.

रविवारी चौकात चाळ जमली. मी गुणाजीला हार घातला, नारळ दिला आणि नव्या मुठीचा रंधा त्याच्यापुढे धरला. माझं ठरलेलं वाक्य म्हटलं. टाळी पडली.

“गुणाजीराव, दोन हात मारून दाखवा की,” अच्युत म्हणाला.

गुणाजी जरा थांबला. मग काठी घेऊन खाली बसला आणि त्याने उजव्या हाताने मूठ धरली. तेव्हा मी त्याचा हात पाहिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. जखम जुनी, कधीचीच भरलेली. दोन बोटांच्या आणि अंगठ्याच्या पकडीत माझी गुळगुळीत शिसवी मूठ फिरली. त्याने पुन्हा धरली, पुन्हा फिरली. शेवटी डावा हात उजव्यावर दाबून त्याने कसाबसा एक फेर मारला. एक पातळ ढलपी निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“बेस झालीय मूठ,” म्हणत त्याने रंधा पिशवीत घातला.

दीड वर्ष आम्ही एकमेकांना नमस्कार करत होतो. नमस्कार करताना माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघतो.

सोमवारी ऑफिसच्या आधी मी घोडपदेवला गेलो. खोलीत पाटावर करवत, पटाशी, हातोडा मांडून ठेवले होते. फुलं तयार होती. मध्ये एक जागा मोकळी होती. गुणाजी दाराशी बसून कानशीने नवी मूठ घासत होता.

“आजच्या दिसाला हत्यार चालवत नायत,” त्याची बायको रमाबाई मला म्हणाली. “पण आठ दिस रंधा नाय, भोईवाड्यातलं बाहेरचं काम घेतलंय, ती दारं तशीच पडलीत. उद्या द्यायची हत.”

“गप गो,” गुणाजी म्हणाला. मग माझ्याकडे रंधा सरकवून, “धरा जरा. घट्ट.”

मी धरला. तो घासू लागला. माझं पॉलिश भुकटी होऊन माझ्या धोतरावर पडत होतं.

“जुनी मूठ कुठं हाय?” त्याने विचारलं. “माप मिळालं असतं. बोटं गेली तवा ती हाताला बसवायला सा महिने लागले. रोज उलीशी तासायची.”

“बंबात घातली.”

कानस थांबली. मग पुन्हा चालू झाली.

“गुणाजी, रंधा माझ्या हातून पडला. मी चालवत होतो.”

“ठाव हाय. पात्याच्या कोपऱ्याचा टवका उडालाय. कालच बघितला.”

“मग सभेत का नाही बोललात?”

“तुम्ही हार घातला व्हता.”

खाली कुठेतरी नळावर भांडण चाललं होतं.

“पुढच्या सभेत मी सगळं सांगतो,” मी म्हणालो.

“कशाला? टाळ्या वाजवून लोक घरी गेले.” त्याने कानस खाली ठेवली. खाच झाली होती, पण टेंगूळ घासून येत नाही. “गो, जुन्या लुगड्याची पट्टी दी.”

रमाबाईंनी पट्टी फाडून दिली. खाली तिचे वेढे देऊन त्याने मूठ जाड केली, हातात धरून पाहिली, आणखी दोन वेढे घातले. सभेत सांगायचं नाही म्हटल्यावर मला बरं वाटत होतं. खोलीत शिसवीची भुकटी होती आणि मला बरं वाटत होतं.

रंधा पाटावर मोकळ्या जागी गेला. रमाबाईंनी हळदकुंकू वाहिलं आणि माझ्या हातात झेंडूचं फूल दिलं. “तुम्ही पण वाहा.” मी फूल चिंधीवर ठेवलं.

निघताना गुणाजीने हात जोडले. मीही जोडले. या वेळी मी त्याच्या हातांकडे पाहिलं.

त्याच्या ते लक्षात आलं. त्याने उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला.