सैल हात

सिस्टरांनी पेन आडवं धरून छोट्या गुंडीच्या अंगठ्याच्या नखावर दाबलं. तिचा हात मागे गेला. डोळे मिटलेलेच राहिले, पण कपाळावर बारीक आठी उमटली आणि घशातून कुरकुर निघाली.

"छान," सिस्टर म्हणाल्या. "हात ओढून घेतला."

आई पलंगाच्या दांडीला धरून उभी होती. लेकीला दुखलं म्हणून कोणी छान म्हणावं आणि आपल्याला त्याचं बरं वाटावं, हे तिला अजून पचत नव्हतं. तापाने मेंदूला सूज आली, झटके आले, आणि दीड वर्षाची गुंडी झोपली ती उठलीच नाही. तेव्हापासून ती कितपत शुद्धीवर आहे हे कोणी ना कोणी सारखं येऊन बघून जायचं. मोठ्या माणसाला नाव विचारता येतं, आज वार कोणता ते विचारता येतं. हिला काय विचारणार, असं सिस्टरांनीच समजावलं होतं. म्हणून हिचं रडणं बघायचं. हाक मारल्यावर पापणी हलते का, दाबल्यावर हात ओढते का. बाबा म्हणाला होता, पोरीची आयुष्यातली पहिली परीक्षा, आणि अभ्यास कोणी घेतलाच नाही. कोणी हसलं नाही, तेव्हा तोच थोडा हसला होता.

"नखं कापायला झालीत हो," जाता जाता सिस्टर म्हणाल्या. "या पेनाला ती लाथ मारेल ना, त्या दिवशी पेनच तिच्या नावावर करून देते."

बाबा औषधं आणायला खाली गेला. आईने पिशवीतून नेलकटर काढलं.

घरी नखं कापायची म्हणजे रणकंदन. बाबाने बोट धरलं की गुंडी घर डोक्यावर घ्यायची. आईने धरलं की मात्र हात सैल सोडून द्यायची, जणू तो आईचाच आहे. माझ्या हाताला काय काटे आहेत का, म्हणून बाबा रुसायचा.

आताही हात सैलच होता. पाचही नखं निमूट कापून झाली. कापलेले बारीक तुकडे आईने रुमालात गोळा केले. मग तोच अंगठा चिमटीत धरून दाबला. आधी हळू. मग जोरात. नख पांढरं पडलं. हात तिथेच राहिला.

ओळखलं मला, ती मनाशी म्हणाली. माझा हात आहे हे कळतंय तिला.

गेल्या वर्षी शेवटच्या आजारपणात तिच्या स्वतःच्या आईनेही असाच हात तिच्या हातात सोडला होता. जन्मभर कोणाला हातपाय दाबू न देणारी बाई. लेक आईची नखं कापत बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, बघा, माझ्याकडून किती शहाण्यासारखी कापून घेते. ऐकणारे मान हलवायचे आणि दुसरीकडे बघायचे.

सिस्टर पुन्हा आल्या. खिशातून पेन काढलं.

"मी बाहेर थांबते," आई म्हणाली.

"एरवी थांबता की इथेच, ताई."

"नको. मी असले की ती हात सोडून देते."

सिस्टरांचं पेन मध्येच थांबलं. अंगठ्याभोवती लाल वळ उठला होता. त्यांनी तो पाहिला, आईकडे पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि पलंगाला वळसा घालून दुसऱ्या हाताकडे गेल्या.

चपलांचा आवाज होऊ न देता आई बाहेर गेली. दार तिने ओढून घेतलं, पूर्ण लावलं नाही. दीड वर्ष ज्या रडण्याला ती हातातलं काम टाकून धावली होती, त्याची वाट बघत ती फटीशी उभी राहिली.