माझी आवाज येते का?

मित्रांनो, मी लंडनच्या हॅरो भागातल्या एका घरातला जुना लॅपटॉप आहे. माझी एक बिजागरी निखळली आहे, म्हणून मला भिंतीला टेकवून बसवतात. बॅटरी केव्हाच गेली. वायर सुटली की माझा कारभार आटोपला. पण आज मी दुखण्यांचं रडगाणं गाणार नाही. आज मला राग आलाय, आणि तो तुम्हाला ऐकावाच लागेल.

मी मुळात अतुलचा. पुण्याहून इथे नोकरीला आला, तेव्हा त्याने मला घेतलं. काय ऐट होती माझी! मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये त्याच्या मांडीवर बसून मी रोज कामाला जायचो. मग घरात नवा, सडपातळ लॅपटॉप आला आणि माझी रवानगी जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनरशेजारी झाली. आहे की मेला, कुणी विचारलं नाही.

तिथून मला बाहेर काढलं ते अतुलच्या मुलीने, स्वरालीने. त्याचं कारण सांगतो.

स्वराली इथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलताना तो, ती आणि ते यांची गल्लत होते. मागच्या गणपतीत आमच्या छोट्याशा मंडळात ती गायला उभी राहिली. माइकवर टकटक करून तिने विचारलं, "माझी आवाज येते का?" झालं, सगळा हॉल खो खो हसत सुटला. रविवारचा मराठीचा वर्ग घेणारे मुरलीधरकाका सूत्रसंचालन करत होते. त्यांनी माइक हातात घेऊन सगळ्यांसमोर दुरुस्ती केली, की आवाज तो असतो, ती नसते. लोक पुन्हा हसले. त्यांच्या मनात वाईट नसेलही, पण पोरगी न गाताच खाली उतरली. त्या दिवसापासून तिने गाणं सोडलं आणि मराठीही सोडलं. तिची आई नीना मराठीत विचारायची, ही इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची.

त्याच सुमारास तिला जपानमधल्या एका संगीतकाराच्या गाण्यांनी वेड लावलं. त्याची गाणी माणूस गात नाही, कॉम्प्युटरमधला तयार केलेला आवाज गातो. शब्द आणि सूर संगीतकाराने भरायचे, आवाजाने ते म्हणायचे. जगभरच्या पोरांना ती गाणी पाठ आहेत. स्वरालीला जपानी ओ की ठो कळत नाही, तरी ऐकताना तिचे डोळे भरून यायचे. या आवाजाला कुणी हसू शकत नाही, असं ती एकदा आईला म्हणाली. मग कपाट उघडून तिने माझी धूळ पुसली आणि तसलाच एक आवाज माझ्यात भरला.

आता तो आवाज पडला जपानी. त्याला ळ येईना, ण येईना, आणि ल म्हणायला गेला की र आणि ल यांच्या मध्येच कुठेतरी घुटमळायचा. एकेक अक्षर पडद्यावरच्या एकेका चौकोनात बसवायचं. ते किती लांबवायचं, किती चढवायचं, श्वास कुठे घ्यायचा, सगळं हाताने. एका ळपायी तिने र आणि ल यांचे तुकडे जोडून जोडून माझा जीव खाल्ला. शाळेतून आली की बॅग फेकायची आणि माझ्यापुढे बसायची. मी तापायचो, मधेच बंद पडायचो. ती पाठीवर थोपटायची, की मी पुन्हा उठायचो. अखेर एके दिवशी माझ्या तोंडून 'कळलं' हा शब्द स्वच्छ बाहेर पडला, तेव्हा ती खुर्चीवरून उडीच मारून उठली. मलाही रडू येईल असं वाटलं, पण आम्हाला ती सोय नसते.

गाण्याचे शब्द तिचे स्वतःचे, आणि मराठी. धृपदाची ओळ होती, 'माझी आवाज येते का?' दुरुस्त करूया का, असं नीनाने हळूच विचारलं. स्वरालीने नकारार्थी मान हलवली. मी तेव्हा हेच म्हणाले होते, हेच राहणार, असं तिने इंग्लिशमध्ये ठणकावलं.

यंदा गणपतीच्या तालमीला नीना तिला आणि मला मंडळाने भाड्याने घेतलेल्या चर्चच्या हॉलमध्ये घेऊन गेली. मला स्पीकर जोडला, गाणं वाजलं. गाणं संपलं तसे मुरलीधरकाका म्हणाले, की चांगलं आहे, पण हे एआयचं काम दिसतंय. मंडळाच्या स्टेजवर मुलांनी स्वतः केलेलंच हवं.

एआय म्हणे! अरे, तो ळ काय आभाळातून पडला? नीनाने माझा पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि एकेक चौकोन दाखवू लागली. काकांनी पाहिलंसुद्धा नाही.

"अगं नीना, उघड आहे ते," काका म्हणाले. "'माझी आवाज' म्हणतंय. आपलं कुठलं मूल असं म्हणेल? मशीनचं मराठी असंच असायचं."

मित्रांनो, माझा पंखा संतापाने घरघरू लागला. ज्या वाक्याची या गृहस्थांनी भर सभेत दुरुस्ती केली, तेच वाक्य आज यांना आठवत नव्हतं! जिने ते वर्षभर उरात धरलं, ती समोर उभी होती. मला हात असते ना, तर मी टेबलावर आपटले असते.

हात स्वरालीला होते. पण तिने काही आपटलं नाही. ती सरळ माइककडे गेली. त्यावर टकटक केली आणि स्वतःच्या आवाजात म्हणाली, "काका, माझी आवाज येते का?"

कुणी हसलं नाही. काकांनी चष्मा काढला. त्यांना आठवलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मलासुद्धा कळलं. रविवारच्या वर्गात एक काना चुकला तरी न सोडणारा तो माणूस खाली बघत म्हणाला, "येते, बाळा. येते."

स्वराली माइकपासून हटली नाही. तिने मला गाणं पुन्हा लावायला लावलं, आणि या वेळी त्या जपानी आवाजाबरोबर ती स्वतःही गायली. धृपद आलं तेव्हा तिने हात लांबवून माझा आवाज बंद केला आणि ते एकटीने म्हटलं. मी तो आनंदाने बंद होऊ दिला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना जिन्याखाली टाकू नका, हे तर सांगतोच. पण यंत्राने केलं म्हणून हात झटकण्याआधी यंत्रापुढे कोण बसलं होतं, तेही बघा. आणि कुणी अडखळत तुमच्या भाषेत बोलायला लागलं, तर आधी ऐकू येतंय एवढं सांगा. चूक काय, नंतरही सुधारता येते.